पस्तिशीतली एक चाचणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण आपल्याला ठाऊक आहे. ते कारण प्रयोगशाळेत शोधता येते. ते सापडल्यापासून प्रत्यक्ष रोग होईपर्यंत बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांचा अवधी मिळतो आणि त्या अवधीत साध्या उपचाराने रोग टाळता येतो. इतकी सवड देणारे कर्करोग फार थोडे आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि जवळपास ८० हजार स्त्रिया दगावल्या. त्यातल्या बहुसंख्य चाळिशी ते साठीच्या, म्हणजे घर त्यांच्याच खांद्यावर असण्याच्या वयाच्या.

याच देशात २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले, की या कर्करोगासाठी तुमची कधी तपासणी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या आमच्यासारख्या डॉक्टरांना हा आकडा वाचून नवल वाटत नाही. आमच्याकडे येणारी बाई ‘अंगावरून जाते’, ‘पाळी जाऊन चार वर्षे झाली आणि आता पुन्हा डाग पडतो’ अशी तक्रार घेऊन येते, तेव्हा रोग पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात गेलेला असतो. तिला त्रास नसताना, ती धडधाकट असताना कोणी तपासलेलेच नसते.

हे बदलण्यासाठी लागणारी चाचणी आज उपलब्ध आहे. ती उपयोगी पडते याचा जगाने मानलेला पुरावा महाराष्ट्रातल्याच गावांनी दिलेला आहे. ती आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत नेमाने का होत नाही आणि सुरू केली तर कोणती पथ्ये पाळावी लागतील, हा या लेखाचा विषय आहे.

विषाणू आणि कर्करोग

कर्करोग संसर्गाने होऊ शकतो, हे पुष्कळांना पटत नाही. कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे खरेच आहे. पण काही कर्करोगांच्या मुळाशी असलेला विषाणू मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातो. जर्मनीचे हॅराल्ड त्सुर हाउझेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींतून ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. त्याआधी बरीच वर्षे या रोगासाठी दुसऱ्याच एका विषाणूवर संशय होता. २००८ मध्ये त्सुर हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. हातापायावर चामखीळ आणणारेही त्यांतलेच. कर्करोगाशी संबंध असलेले प्रकार साधारण डझन-दीड डझन आहेत आणि त्यांतले १६ व १८ हे दोनच या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मुळाशी असतात. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो केव्हा ना केव्हा गाठतोच. दहापैकी सुमारे नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप निघून जातो. ना ताप, ना दुखणे. तो आला-गेला हे कळतही नाही. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होऊ लागतात. हे बदल म्हणजे कर्करोग नव्हे. पण ते तसेच राहू दिले तर काही जणींत पुढे कर्करोग होतो. एचआयव्हीबाधित स्त्रियांमध्ये हा धोका सहा पट असतो, म्हणून त्यांची तपासणी लवकर, पंचविशीपासूनच सुरू करायची असते.

उस्मानाबादने जगाला काय दाखवले

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय १९८२ पासून काम करते आहे. ग्रामीण भागातल्या कर्करोगाची पद्धतशीर नोंदणी देशात प्रथम याच परिसरात, १९८७ मध्ये सुरू झाली. पुढे डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधील ल्यों येथील कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांच्या गटाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास हाती घेतला.

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार गटांत विभागणी केली. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. चौथ्या गटात तपासणी नव्हती. रोगाची माहिती आणि हवी असल्यास सेवा कुठे मिळेल एवढेच सांगितले गेले. पहिल्या तीन गटांत तपासणी आयुष्यात एकदाच झाली. त्यानंतर सुमारे आठ वर्षे कोणाला काय झाले याचा माग ठेवला गेला.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात सुमारे ३४ हजार स्त्रिया होत्या. त्यांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी नसलेल्या गटात सुमारे ३१ हजार स्त्रिया होत्या. तिथे ६४ मृत्यू झाले. पुढच्या टप्प्यावर गेलेला कर्करोग पहिल्या गटात ३९ जणींना, चौथ्या गटात ८२ जणींना. म्हणजे एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि आम्ल लावून पाहण्याची तपासणी एकदाच केली असता मृत्यूंमध्ये खात्रीने सांगता येईल अशी घट दिसली नाही.

यातली आणखी एक गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. पॅप स्मिअर किंवा आम्लाच्या तपासणीत ‘ठीक आहे’ असे सांगितलेल्या स्त्रियांना पुढच्या वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण, एचपीव्ही ‘नाही’ असे सांगितलेल्या स्त्रियांपेक्षा चौपटीहून अधिक होते. चाचणी रोग शोधते तशी निर्धास्तही करते. एचपीव्ही नसल्याचा अहवाल हा निर्धास्त राहण्यासाठी जास्त भरवशाचा ठरला, आणि तोही बरीच वर्षे पुरणारा.

इथे मुंबईतल्या दुसऱ्या एका अभ्यासाचाही न्यायाने उल्लेख केला पाहिजे. टाटा स्मारक केंद्रानेच मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये हा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि नीट प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांकडून आम्ल लावून पाहण्याची तपासणी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा करून घेतली गेली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे तीही पद्धत निकामी नाही. पण ती वारंवार करावी लागते, आणि पाहणाऱ्याची नजर कायम तयार ठेवावी लागते. ही दोन्ही कामे मोठ्या सरकारी यंत्रणेला जड जातात. सध्या आरोग्य केंद्रांवर तीसच्या पुढच्या स्त्रियांसाठी हीच तपासणी ठरवून दिलेली आहे. ती कागदावर आहे, प्रत्यक्षात किती होते ते वरच्या १.९ टक्क्यांवरून दिसते.

धाराशिव आणि मुंबईतल्या या दोन्ही अभ्यासांवर पुढे नैतिकतेचे प्रश्न उपस्थित झाले. ज्यांची तपासणी केली नाही, त्या गटातल्या स्त्रियांचे काय, असा आक्षेप घेतला गेला. संशोधकांचे म्हणणे असे होते, की त्या भागात तेव्हा कोणाचीच तपासणी होत नव्हती. हा वाद इथे सोडवता येणार नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. ज्या गावांनी हा पुरावा दिला, त्या गावांच्या लेकी-सुनांना, त्यांच्या राज्याला त्याचा लाभ आधी मिळायला हवा होता. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणी हीच तपासणीची पहिली पद्धत असावी असे सांगितले. आपण मात्र अजून सुरुवातीपाशीच रेंगाळलो आहोत.

प्रयोगशाळेत काय होते

एचपीव्हीसाठी रक्त घेऊन उपयोग नाही. हा विषाणू रक्तात फिरत नाही. तो गर्भाशयमुखाच्या वरच्या थरातल्या पेशींत राहतो. म्हणून नमुना तिथलाच लागतो. एक मऊ ब्रश फिरवून तो द्रव असलेल्या नळीत बुडवतात. प्रयोगशाळेत त्या पेशी फोडून त्यातला डीएनए वेगळा करतात. कोविडच्या काळात सगळ्यांना माहीत झालेली पीसीआर पद्धत इथेही वापरतात. नमुना ठरावीक तापमानाला तापवायचा, थंड करायचा. दर फेरीला विषाणूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा दुप्पट होतो. एका तुकड्याचे तीस फेऱ्यांनंतर शंभर कोटींहून अधिक होतात आणि यंत्राला ते दिसतात. विषाणू नसेल तर दुप्पट व्हायला काही नसतेच.

धाराशिवच्या अभ्यासात वापरलेली पद्धत थोडी वेगळी होती. तीत डीएनए वाढवत नाहीत, सापडलेल्या डीएनएवर प्रकाश देणारी रसायने बसवून तो मोजतात. दोन्हींचे तत्त्व एकच. पेशी कशा दिसतात यावर मत देण्याऐवजी, विषाणू आहे की नाही एवढ्या प्रश्नाचे उत्तर यंत्राने द्यायचे. पॅप स्मिअर वाचायला अनुभवी पॅथॉलॉजिस्ट लागतो. दिवसाला शेकडो काचपट्ट्या पाहून डोळा थकतो. यंत्राला थकवा नाही.

पण यंत्राच्याही मर्यादा आहेत. नळीत पुरेशा पेशीच आल्या नाहीत तर विषाणू असूनही ‘नाही’ असे उत्तर येईल. म्हणून चांगली चाचणी त्याच नळीत मानवी पेशींचा एखादा जनुकही शोधते. तो सापडला नाही तर नमुना बाद. पीसीआरच्या खोलीत आधीच्या नमुन्याचा अंश उडाला तर नसलेला विषाणू दिसू शकतो. म्हणून प्रत्येक खेपेला नुसत्या पाण्याचा एक नमुना सोबत चालवतात. त्यात काही सापडले तर ती सगळी खेप रद्द करावी लागते. अहवालामागे ही शिस्त आहे की नाही, हे प्रयोगशाळेला विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

अहवाल ‘आहे’ आला, म्हणजे काय?

धाराशिवच्या अभ्यासात तपासलेल्या दर शंभर स्त्रियांमागे साधारण दहा जणींमध्ये विषाणू सापडला. उरलेल्या नव्वद जणींना पाच वर्षे तरी पुन्हा तपासणीची गरज नव्हती. त्या दहा जणींपैकीही बहुतेकींना काही झालेले नसते. त्यांच्या गर्भाशयमुखाची दुर्बिणीतून तपासणी करायची, बदल दिसले तर तेवढ्या भागावर उपचार करायचे, नसतील तर ठरावीक काळाने पुन्हा पाहायचे. ‘विषाणू आहे’ याचा अर्थ ‘कर्करोग आहे’ असा होत नाही, हे वाक्य अहवालावरच मराठीत छापले पाहिजे.

दुसरा गैरसमज त्याहून वाईट. शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू म्हटल्यावर घरात संशय शिरतो. ‘हे आले कुठून?’ असे बाईला विचारले जाते. हा विषाणू दहा-पंधरा वर्षांपूर्वी शरीरात आलेला असू शकतो, नवऱ्याकडून आलेला असू शकतो, आणि तो कधी आला हे जगातली कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. या अहवालावरून कोणाच्याही चारित्र्याविषयी काहीही ठरवता येत नाही. म्हणून अहवाल बाईच्याच हातात, एकांतात, समजावून दिला पाहिजे. शिबिराच्या मांडवात नाव पुकारून किंवा घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या मोबाइलवर पाठवून तो देणे हा तिच्यावर अन्याय आहे.

वयाची अट यासाठीच आहे. विशीत-पंचविशीत चाचणी केली तर पुष्कळ जणींत आज आहे आणि वर्षभरात जाईल असा विषाणू सापडतो. मग विनाकारण धास्ती आणि विनाकारण उपचार. तिशीनंतर सापडणारा विषाणू ठाण मांडून बसलेला असण्याची शक्यता अधिक. म्हणून सर्वसाधारण स्त्रियांसाठी तीसच्या पुढे, दर पाच ते दहा वर्षांनी, आणि निदान पस्तिशीत एकदा व पंचेचाळिशीत एकदा, असे जागतिक संघटनेचे म्हणणे आहे.

प्रत्येक विषाणूची चाचणी हवी का?

कर्करोगाशी संबंध असलेले विषाणू आणखीही आहेत. हेपटायटिस बी आणि सी यांमुळे यकृताचा कर्करोग होतो. एपस्टीन-बार विषाणूचा काही लिम्फोमांशी आणि नाक-घशाच्या कर्करोगाशी संबंध आहे. हल्ली ‘कॅन्सर पॅकेज’ म्हणून रक्ताच्या चाचण्यांची लांबलचक यादी विकली जाते. तिला भुलण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: हा विषाणू सापडला तर पुढे काय करता येईल?

एपस्टीन-बारच्या खुणा दहापैकी नऊहून अधिक प्रौढ माणसांच्या रक्तात असतात. निरोगी माणसात त्या सापडल्याने काहीच ठरत नाही. पैसे जातात आणि झोप उडते. हेपटायटिस बीचे तसे नाही. प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला हा संसर्ग झाला तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा राहतो आणि पुढे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. आईच्या रक्तात तो आधी सापडला तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस, आणि सोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देऊन बहुतेक वेळा संसर्ग टाळता येतो. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली, आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. आपल्याकडे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हेपटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. सीचा विषाणू तर सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या शरीरातून कायमचा जातो.

म्हणजे सर्वसामान्यांनी करून घ्याव्यात अशा या प्रकारच्या चाचण्या मोजक्याच आहेत. तीसच्या पुढच्या स्त्रियांसाठी एचपीव्ही. प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी हेपटायटिस बी. आणि ज्यांना पूर्वी रक्त चढवले आहे, डायलिसिस चालू आहे, घरात कोणाला यकृताचा आजार आहे, त्यांच्यासाठी बी व सी दोन्ही.

यंत्र आहे, वाट नाही

‘एवढी महागडी चाचणी सरकारी रुग्णालयात कशी होणार?’ हा आक्षेप दहा वर्षांपूर्वी ठीक होता. आज क्षयरोगाच्या निदानासाठी जिल्ह्या-तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही यंत्रे आहेत. कोविडमध्ये आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळा जिल्ह्या-जिल्ह्यांत उभ्या राहिल्या. यांतल्या बहुतेक यंत्रांवर एचपीव्हीची चाचणी होऊ शकते. ट्रूनॅट हे तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे, बॅटरीवर चालणारे यंत्र. त्याची एचपीव्हीची चिप तयार आहे. पुण्यातल्या कंपनीनेही देशी किट बनवले आहे. क्षयरोगाच्या कामाला धक्का न लावता यंत्राचा मोकळा वेळ वापरता येईल. लागेल ते किट, नमुन्याच्या नळ्या आणि एका तंत्रज्ञाचा ठरलेला वेळ.

दुसरा अडथळा संकोचाचा. पनवेल तालुक्यातच पाहा. एकीकडे खारघर-कामोठ्याचे उंच मनोरे, तळोज्याची औद्योगिक वसाहत; दुसरीकडे डोंगराच्या कुशीतल्या कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या. मनोऱ्यात धुणीभांडी करणारी बाई असो, बांधकामावरची मजूर असो की वाडीवरची, तपासणीच्या टेबलावर झोपायची लाज तिन्हींना सारखीच, आणि दिवसभराचा खाडा परवडत नाही तोही तिन्हींना. एचपीव्ही चाचणीचा सर्वांत मोठा गुण इथे उपयोगी पडतो. नमुना बाई स्वतः घेऊ शकते. आशाताईने समजावून सांगितले, की पडद्याआड जाऊन ब्रश आत घालायचा, चार-पाच वेळा फिरवायचा, नळीत ठेवायचा. पीसीआर पद्धतीने तपासले तर असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास बरोबरीने उतरतो. पॅप स्मिअर किंवा आम्लाच्या तपासणीत हे शक्यच नाही.

खरा प्रश्न अहवालानंतरचा आहे. ज्या दहा जणींत विषाणू सापडेल त्यांना गाठायचे कसे? मजूर बाईचा मुक्काम तीन महिन्यांत बदलतो, मोबाइल नंबर त्याहून लवकर. कर्करोगाच्या मोठ्या उपचारांसाठी टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक आमच्याच महापालिकेच्या हद्दीत, खारघरला आहे. रायगडमधल्या दूरच्या तालुक्यांना ते भाग्यही नाही. पण विषाणू सापडलेल्या प्रत्येक बाईला तिथे पाठवण्याची गरज नाही आणि पाठवूही नये. पेशींतले बदल बहुतेक वेळा एका हातात धरता येणाऱ्या उपकरणाने, त्या भागाला मिनिटभर उष्णता देऊन नष्ट करता येतात. भूल लागत नाही, भरती व्हावे लागत नाही. ट्रूनॅट किंवा सीबीनॅटवरचा अहवाल एक-दीड तासात मिळतो. सकाळी नमुना, दुपारी अहवाल, लागल्यास त्याच दिवशी उपचार, हे तालुक्याच्या रुग्णालयात होऊ शकते. तसे केले तर बाई हरवण्याची शक्यता कमी होते.

याची तुलना उशिरा सापडलेल्या रोगाशी करावी. रेडिएशन सुमारे पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, सोबत दर आठवड्याला केमोथेरपी, मग आतून द्यायचे रेडिएशन. रोजंदारीवरच्या घराचा तेवढ्यात कणा मोडतो. एवढे करूनही सगळ्या वाचत नाहीत. किटची किंमत मोजताना हा खर्चही समोर ठेवायला हवा.

पिशवी काढणे हे उत्तर नाही

एका धोक्याचा इशारा आताच दिला पाहिजे. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगून तिशी-पस्तिशीतल्या बायकांची गर्भाशये काढण्याचे प्रकार महाराष्ट्राने पाहिले आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका पुढे आला, की राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. एचपीव्हीचा अहवाल चुकीच्या हातात पडला तर त्याच भीतीला प्रयोगशाळेचा शिक्का मिळेल.

म्हणून स्पष्ट सांगतो. फक्त विषाणू सापडला म्हणून गर्भाशय काढायचे नसते. कर्करोगपूर्व बदल असले तरी बहुतेक वेळा तेवढ्याच भागावर उपचार पुरतो. कोणी केवळ या अहवालावर शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, शक्यतो सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. उलट बाजूने, नीट वापरली तर हीच चाचणी अशा भीतीच्या धंद्यावर उत्तम उतारा आहे. विषाणू नसल्याचा अहवाल ज्या बाईच्या हातात आहे, तिला ‘कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवणे कठीण.

काय व्हायला हवे

मुलींसाठीची एचपीव्ही लस जरूर द्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लसही आता आहे. पण लसीचा खरा लाभ आज नऊ-दहा वर्षांच्या असलेल्या मुलींना वीस-तीस वर्षांनी दिसेल. त्यांच्या आया, मावश्या, आत्या आज पस्तीस-चाळीस वर्षांच्या आहेत. त्यांच्यासाठी उपाय तपासणी हाच आहे. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी चुकत नाही, कारण सगळ्या प्रकारांपासून लस संरक्षण देत नाही.

राज्याच्या आरोग्य विभागाने एकदम सगळीकडे सुरुवात करण्याची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्यात यंत्र, प्रशिक्षित डॉक्टर आणि उष्णता देण्याचे उपकरण या तिन्ही गोष्टी असलेले एक-दोन तालुके निवडावेत. तिथल्या ३५ वर्षांच्या आणि ४५ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीला एक चाचणी द्यावी. एचआयव्हीच्या उपचार केंद्रांवर नाव असलेल्या स्त्रियांपासून आरंभ करावा. आशाताईंवर आणखी एक विनामोबदला काम टाकू नये. त्याचे मानधन आधी ठरवावे. आणि यशाची मोजणी किती नमुने घेतले यावर करू नये. विषाणू सापडलेल्या किती स्त्रियांची पुढची तपासणी तीन महिन्यांत पुरी झाली, हा एकच आकडा दर महिन्याला प्रत्येक रुग्णालयाकडून मागावा. नमुने मोजण्याच्या नादात बायका हरवतात, हे इतर मोहिमांत पुष्कळ पाहून झाले आहे.

वाचकांनी आपल्यापुरते तीन गोष्टी कराव्यात. घरातल्या तीसच्या पुढच्या स्त्रीला विचारावे, ही तपासणी कधी झाली आहे का. झाली नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात निदान आम्लाची तपासणी मागून घ्यावी. ती मोफत आहे. परवडत असेल तर एचपीव्हीची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करावी. आणि संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, दुर्गंधी असलेले पांढरे जाणे यांपैकी काही असेल तर कोणत्याही चाचणीच्या रांगेत न थांबता थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. ही लक्षणे असताना विषाणूच्या अहवालाची वाट पाहणे म्हणजे हातातला वेळ घालवणे आहे.